तिवाह : दुसऱ्यांदा दिलेला निरोप

काहायान नदीच्या काठावरील न्गाजू दायाक लोकांच्या गावात एखादी व्यक्ती निवर्तली, म्हणजे तिला निरोप दोनदा दिला जातो. पहिला निरोप काही दिवसांत उरकतो. दुसऱ्यासाठी कुटुंबाला कधी वर्षभर, कधी दहा वर्षे, तर कधी त्याहूनही अधिक काळ थांबावे लागते; आणि या संपूर्ण काळात आपल्या माणसाचा परलोकीचा प्रवास अर्ध्यावर अडला आहे, अशी घरच्यांची दृढ समजूत असते. या दुसऱ्या निरोपाचे नाव तिवाह.

बोर्निओ हे आकाराने जगातील तिसऱ्या क्रमांकाचे बेट. इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई अशा तीन देशांत ते विभागलेले आहे. इंडोनेशियाच्या वाट्याला आलेल्या भागास कालिमांतान म्हणतात. ‘दायाक’ हे एका जमातीचे नाव नव्हे. बेटाच्या अंतर्भागात नद्यांच्या काठाने राहणाऱ्या अनेक मूलनिवासी समाजांना मिळून लावलेले ते सामान्य नाव आहे. इबान, कायान, केन्याह, बेरावान, मान्यान हे सारे दायाकच. न्गाजू हा त्यांपैकी मध्य कालिमांतान प्रांतातील मोठा समाज. या प्रांताची राजधानी पालांका राया. १९५७ साली राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली.

अरण्यात राहणारे म्हणून हे लोक जगापासून तुटलेले होते, असा समज मात्र करून घेऊ नये. वेत, राळ आणि नदीच्या वाळूतून चाळून काढलेले सोने असा त्यांचा माल होडीने बांजारमासिनच्या बाजारपेठेत उतरत असे, आणि परतीच्या फेरीत मीठ, कापड, गाँग आणि चिनी बनावटीचे उंच रांजण येत. या रांजणांना तेथे ‘बालांगा’ म्हणतात. घराण्याची पत किती, हे त्या घरातील गाँग आणि रांजण पाहून ठरे. हे रांजण ज्या अनेक बंदरांतून फिरत, त्यांपैकी ब्रह्मदेशातील मार्ताबान हे एक. लोणच्याच्या बरणीला हिंदीत जो ‘मर्तबान’ शब्द आहे, तो याच बंदराच्या नावावरून आलेला. म्हणजे आपल्या फडताळातील बरणीचे आणि बोर्निओतील त्या वंशपरंपरागत ठेव्याचे नाते निदान शब्दापुरते तरी जुळते.

मृत्यूनंतर न्गाजू लोक देह लाकडी शवपेटीत ठेवून तिचे दफन करतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘तांतुलाक’ नावाचा विधी होतो. घराला लागलेला मृत्यूचा विटाळ दूर सारणे आणि मृताला जिवंतांपासून वेगळे करणे, हा त्याचा हेतू. या विटाळास त्यांच्या भाषेत ‘रुतास’ असे नाव आहे. सुतकाशी त्याचे साम्य सहज लक्षात येईल. परंतु आपले सुतक ठरावीक दिवसांनी आपोआप फिटते, तसे रुतासचे नाही. तांतुलाकने त्याचा भार हलका होतो, पूर्णपणे उतरतो तो तिवाहनंतरच. जुन्या वृत्तान्तांनुसार तोवर विधवेला अथवा विधुराला पुन्हा विवाह करण्याची मोकळीक नसे. मृत अडलेला, आणि त्याच्यामागे जिवंतही अडलेले.

हे अडणे का, याचे उत्तर त्यांच्या आत्म्याविषयीच्या कल्पनेत आहे. मृत्यूसमयी माणसाचा आत्मा दुभंगतो, असे न्गाजू मानतात. त्याचा प्रमुख अंश देहापासून सुटतो. पण हाडे, मांस, केस, नखे यांच्याशी निगडित असलेले अंश कबरीपाशीच रेंगाळत राहतात. या साऱ्यांना पुन्हा एकत्र आणून, शुद्ध करून, ‘लेवू ताताऊ’ या अंतिम स्थानी पोहोचवायचे, तर ते काम मागे राहिलेल्यांनाच करावे लागते. ‘लेवू’ म्हणजे गाव आणि ‘ताताऊ’ म्हणजे धनवान. तेथे वाळू सोन्याची, हाडे कधी मोडत नाहीत आणि स्नायू कधी थकत नाहीत, असे त्या गावाचे वर्णन केले जाते. स्वर्गाला ‘श्रीमंतांचे गाव’ म्हणणारा हा समाज पाहून व्यापारी घराण्यातील वाचकाला किंचित हसू येईल. परंतु जन्मभर भात लावणाऱ्या आणि पाठीवर वेताचे भारे वाहणाऱ्या माणसाने न थकणाऱ्या स्नायूंचे स्वप्न पाहावे, यात हसण्यासारखे काहीच नाही.

जैन वाचकाला या कल्पनेत सर्वांत परकी वाटेल ती प्रतीक्षा. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात देह सोडलेल्या जीवाच्या गतीचे विवेचन आहे. त्यानुसार जीव फार तर तीन वळणे घेऊन, मोजक्या समयांत नव्या जन्मस्थानी पोहोचतो. आणि ‘समय’ हे तर काळाचे इतके सूक्ष्म एकक, की पापणी लवण्याच्या अवधीत असे असंख्य समय होऊन जातात. तेथे थांबणे नाही, वाट पाहणे नाही, कोणी दिलेला पिंड पोहोचण्याला अवकाशच नाही. प्रत्येकाची गती त्याच्या स्वतःच्या कर्माने ठरते. न्गाजूंची श्रद्धा नेमकी याच्या उलट टोकाला उभी आहे. तेथे मृताची गती मुलानातवंडांच्या कर्तव्यबुद्धीवर, आणि स्पष्ट बोलायचे तर त्यांच्या आर्थिक ऐपतीवर, अवलंबून राहते.

कारण तिवाह हा अतिशय खर्चिक विधी आहे. तो सात दिवसांपासून महिनाभरापर्यंत चालतो. या काळात पाहुण्यांची रीघ लागलेली असते आणि सर्वांचे जेवणखाण यजमानांकडे असते. बासिर म्हणून ओळखले जाणारे पुरोहित ढोलकीच्या तालावर रात्रीच्या रात्री स्तोत्रे गातात. ती ‘सांगियांग’ या दिव्य पुरुषांच्या प्राचीन भाषेत असतात आणि तिचा अर्थ सामान्य गावकऱ्याला लागत नाही. स्तोत्रांतून मृताच्या प्रवासाचा एकेक टप्पा उच्चारला जातो. तेंपोन तेलोन नावाचा दिव्य पुरुष त्याला आपल्या नौकेतून पैलतीरी नेतो. नदी हाच ज्यांचा रस्ता, त्यांच्या परलोकाचा मार्गही जलमार्गच असावा, हे ओघानेच आले. बासिरकडून क्रम चुकला तर संकट ओढवते असे मानतात, त्यामुळे अनुभवी बासिरला मागणी मोठी आणि त्याचा मानही मोठा.

ठरलेल्या दिवशी कबर उघडून अस्थी वर काढल्या जातात. त्या स्वच्छ करून ‘सांदुंग’मध्ये ठेवतात. सांदुंग म्हणजे खांबांवर उभारलेले छोटेसे घरच. बाजूंवर कोरीवकाम, वर उतरते छप्पर. पूर्वी ते उलिन नावाच्या लोखंडासारख्या कठीण लाकडाचे करीत. हे लाकूड पावसापाण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही. आता उलिनची झाडे विरळ झाली आणि सिमेंटचे, रंगीत सांदुंग दिसू लागले. एका सांदुंगमध्ये एकाच घराण्यातील अनेकांच्या अस्थी एकत्र येतात. पती शेवटी पत्नीजवळ पोहोचतो, मुलगा आईजवळ. कबरीत प्रत्येकजण एकटा असतो. सांदुंगमध्ये कुटुंब पुन्हा भरते.

या खर्चाचा मेळ ते कसा घालतात, हा भाग मुळातून समजून घेण्यासारखा आहे. एकट्या घराला तिवाह झेपणे दुर्मिळ, म्हणून अनेक कुटुंबे मिळून एकच तिवाह करतात. कधी एका वेळी दहा-वीस मृतांचे, तर कधी शंभरांवर मृतांचे तिवाह होते. त्यासाठी समिती बसते, अध्यक्ष आणि खजिनदार ठरतात, प्रत्येक मृताच्या नावे कुटुंबाचा वाटा निश्चित होतो. पुरोहितांची दक्षिणा, मंडप, स्वयंपाक हा सामाईक खर्च. आपल्या मृतासाठीचे पशू आणि सांदुंग ज्याचे त्याने पाहायचे. अनेक वर्षे थांबलेले गरीब घरही अशा सामूहिक तिवाहात आपल्या आजोबांचे नाव घालून मोकळे होऊ शकते.

दुसरी व्यवस्था ‘लालुहान’ची. तिवाह चालू असता शेजारच्या गावांतील लोक सजवलेल्या होडीने किंवा तराफ्याने वाजतगाजत येतात. तराफ्यावर तांदूळ, डुकरे, कोंबड्या, मद्य असे साहित्य असते. काठावर यजमान गावाचे लोक त्यांच्याशी लुटुपुटूची लढाई करतात आणि मग सन्मानाने उतरवून घेतात. ही सारी मदत उसनी समजली जाते. देणाऱ्या गावात उद्या तिवाह निघाले, की घेणाऱ्याने तितकेच घेऊन नदीत तराफा लोटायचा. आपल्याकडे लग्नात आहेराची वही ज्या काळजीने जपतात, ती काळजी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पद्धत उलगडून सांगण्याची गरज नाही. रोख रक्कम जेथे कमी आणि गरज मात्र एकदम मोठी, तेथे परस्परांच्या शब्दावर उभी राहिलेली ही पतपेढीच म्हणायची.

असे असले तरी कर्ज होतेच. पशू, तांदूळ, पाहुणचार यांपायी वर्षानुवर्षांची शिल्लक संपल्याच्या कथा त्या समाजातही आहेत, आणि परक्या निरीक्षकांनी त्याला उधळपट्टी म्हणून नावे ठेवली. यात आपण फार उंचावरून बोलावे असे नाही. जीव क्षणार्धात पुढे गेला, त्याला आता काहीच पोहोचत नाही, हे ज्यांच्या शास्त्राने सांगितले, त्या समाजातही राजस्थानातून आलेल्या कुटुंबांत मोसर-नुक्त्याच्या जेवणावळींनी घरे कर्जात बुडाल्याचे वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. त्याविरुद्ध सुधारकांना दीर्घकाळ झगडावे लागले आणि अखेर राजस्थान शासनाने १९६० साली मृत्युभोजाला प्रतिबंध करणारा कायदा केला. न्गाजू माणूस निदान मृताच्या गतीसाठी खर्च करतो, अशी त्याची श्रद्धा तरी असते; आपल्याकडे तो खर्च केवळ चार लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून होत होता.

तिवाहाचा जो भाग अहिंसेच्या उपासकाला अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही, त्यावर पांघरूण घालणे योग्य नव्हे. ‘सापुंदू’ नावाचा, मनुष्याकृती कोरलेला उंच लाकडी खांब रोवला जातो. त्याला म्हैस बांधतात आणि कुटुंबीय भाल्यांनी तिचा वध करतात. डुकरे आणि कोंबड्यांचाही बळी असतो. हे पशू मृताबरोबर धनवान गावी जातात, अशी भावना त्यामागे आहे. भावना कोणतीही असो, त्या मुक्या जीवाची वेदना तिने कमी होत नाही. जिनशासनाने यज्ञातील पशुवधाविषयी जे म्हटले, त्याहून वेगळे येथे म्हणता येणार नाही.

मात्र याच प्रसंगी त्या समाजाने एकदा टाकलेले पाऊलही सांगितले पाहिजे. म्हशीच्या जागी पूर्वी माणूस होता. मोठ्या तिवाहासाठी दासांचा बळी दिला जाई आणि शत्रूची मुंडकी आणली जात. सापुंदूवर कोरलेली मानवी आकृती त्या काळाची खूण मानली जाते. मुंडक्यांसाठी होणारे छापे, त्यांचे सूड आणि सुडांचे सूड यांनी नदीकाठची गावे पोखरली होती. १८९४ साली काहायान नदीच्या उगमाकडील तुंबांग आनोई या गावी डच सत्तेच्या पुढाकाराने दायाक समाजांच्या प्रतिनिधींची मोठी सभा भरली. दामांग बातू हे तिचे यजमान. सभा कित्येक आठवडे चालली आणि तीत नरमुंडांची शिकार, सूडाची युद्धे आणि दासप्रथा बंद करण्याचे ठरले. परंपरेने जे अत्यावश्यक सांगितले होते, त्याच्या जागी दुसरे काही ठेवूनही मृत धनवान गावी पोहोचतो, हे त्या सभेनंतर सर्वांनी मान्य केले. ज्या विधीत मनुष्याच्या ठिकाणी पशू चालला, त्यात पशूच्या ठिकाणी काय चालेल, हा प्रश्न बाहेरच्याने विचारण्यापेक्षा त्यांच्यातूनच उठला तर अधिक बरे.

तिवाहाला विद्वानांच्या जगात स्थान मिळाले ते एका तरुण फ्रेंच अभ्यासकामुळे. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचे शिष्य रोबेर हर्ट्झ यांनी १९०७ साली मृत्यूविषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ते स्वतः बोर्निओला कधीच गेले नव्हते. मिशनरी आणि प्रवासी यांच्या नोंदी वाचून त्यांनी तो लिहिला. दुसरा विधी लांबतो तो पैशाच्या अडचणीमुळे, असे त्यापूर्वीचे लेखक सांगत. हर्ट्झ यांना एवढे कारण पुरेसे वाटले नाही. मांस विरघळून हाडे कोरडी होण्यास जो काळ लागतो, तोच काळ आत्म्याला स्थिरावण्यास आणि शोक करणाऱ्यांना सावरण्यास लागतो, असे त्यांनी मांडले. देह, आत्मा आणि आप्त या तिघांचीही एकच अवस्था चाललेली असते. हाडे शुभ्र झाली, की तिघेही एकदमच मोकळे होतात. हा विचार अतिशय मार्मिक आहे, पण पैशाची बाजू त्यांनी जराशी लवकर बाजूला सारली असे वाटते. हाडे दोन-तीन वर्षांत कोरडी होतात. त्यानंतरची पंधरा वर्षे जर कुटुंब थांबत असेल, तर ते तांदूळ आणि म्हशी यांच्यासाठीच थांबलेले असते. हर्ट्झ पहिल्या महायुद्धात १९१५ साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी रणांगणावर मारले गेले.

पुढे हान्स शेरर या स्विस मिशनऱ्याने न्गाजूंमध्ये राहून त्यांच्या ईश्वरकल्पनेवर ग्रंथ लिहिला. ते बाझल मिशनचे. मंगलोरी कौलांचा कारखाना ज्या मिशनने काढला तेच हे मिशन, त्यामुळे कोकणातील आणि दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या छपरांशी त्या नावाचा परिचय आहेच.

इतर दायाक समाजांतही दुसऱ्या विधीचे निरनिराळे प्रकार आढळतात. मान्यान लोकांच्या ‘इजांबे’ विधीत अस्थी वर काढून त्यांचे दहन करतात आणि राख घराण्याच्या सामाईक पेटीत ठेवतात. सारावाकमधील बेरावान लोक पूर्वी शव मोठ्या रांजणात ठेवून कालांतराने अस्थींचा विधी करीत; पण तो सर्वांसाठी नसे, काही थोड्यांच्याच वाट्याला येई. इबानांच्या ‘गावाई आंतू’ या उत्सवात तर अस्थी हलवल्याच जात नाहीत, थडग्यांवर छोट्या झोपड्या उभारून मृतांचा सन्मान होतो. शेजारीशेजारी राहणाऱ्यांत इतकी भिन्नता असावी, यावरून ‘दायाकांची प्रथा’ असे सरसकट बोलणे किती धोक्याचे, ते कळते.

स्वतंत्र इंडोनेशियात या विधीपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. तेथे प्रत्येक नागरिकाने शासनमान्य धर्मांपैकी एखाद्याचा असावे, अशी अपेक्षा असे. न्गाजूंच्या परंपरेला ‘काहारिंगान’ हे नाव आहे. जीवन हा त्या शब्दाचा गाभा. परंतु शासनाच्या लेखी हा धर्म नव्हता, केवळ रूढी होती. धर्म नसलेला म्हणजे मागासलेला, असा शिक्का त्याबरोबर येई. अखेर १९८० साली काहारिंगानच्या पुढाऱ्यांनी हिंदू धर्माच्या छत्राखाली जाण्याचा मार्ग स्वीकारला आणि ‘हिंदू काहारिंगान’ हे नाव रूढ झाले. न्गाजूंच्या देवता वेगळ्या, स्तोत्रे वेगळी. भारतातील हिंदूला त्यांत ओळखीचे असे थोडेच सापडेल. तरीही या एका नोंदीने तिवाहाला शासनदरबारी धर्मविधीचा दर्जा मिळाला. पाठोपाठ ‘पानातुरान’ हा धर्मग्रंथ प्रमाण मानला गेला, साप्ताहिक प्रार्थनासभा सुरू झाल्या, तिवाहासाठी परिषदेची संमती आणि विधीचा ठरावीक नमुना आला. पूर्वी खोऱ्याखोऱ्यांत विधी बदलत असे. आता तो हळूहळू एकसारखा होत चालला आहे, आणि जुने बासिर याबद्दल खासगीत कुरकुर करीत असतील तर त्यात नवल नाही. मान्यता मिळवायची म्हणजे मान्यता देणाऱ्याच्या नमुन्यात स्वतःला बसवावे लागते. अल्पसंख्य समाजांना हा अनुभव नवा नाही.

आज न्गाजूंतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती आहेत, काही मुसलमान झाली आहेत, काही काहारिंगानच राहिली आहेत. आणि अनेकदा हे तिन्ही एकाच घरात आढळतात. एक भाऊ चर्चमध्ये जातो, बहिणीने मुसलमान घरात लग्न केले आहे, आणि वडील काहारिंगान म्हणून वारले. त्यांच्या अस्थी अजून पहिल्याच कबरीत आहेत. धाकटा मुलगा पालांका रायात नोकरीला; समितीचे बोलावणे येते, पुढच्या हंगामात गावात सामूहिक तिवाह आहे, नाव घालायचे का? अशा वेळी भाऊ आपला वाटा पाठवतो, स्वतः मंत्रांच्या वेळी दूर उभा राहतो, पण अस्थी उचलताना येतो. मुसलमान मेहुण्यासाठी आणि त्याच्या नातलगांसाठी वेगळी चूल मांडली जाते. बहीण सांदुंगच्या रंगाबद्दल धाकट्याशी वाद घालते. वडिलांच्या शेजारची जागा आईसाठी मोकळी सोडलेली असते, आणि आई बाजूच्याच ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तांदळाची भाकरी घ्या म्हणून आग्रह करीत असते.